मांजरांच्या गाडीतली देवी

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको लायब्ररीतलं पुस्तक बघत बसलो होतो. म्हणजे ती वाचत होती आणि मी चित्रं बघत होतो. मी चौथी पास, तेही मास्तरांच्या दयेनं. ती मॅट्रिक. अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहायला आलो त्याला तीनेक वर्षं झाली होती. तिनं इथं लायब्ररीचं कार्ड काढलं होतं, आणि इंग्रजी वाचून मला मराठीत सांगायची.

पुस्तक एका चित्रकाराचं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा माणूस, तिकडे वर बर्फाच्या मुलखातला.

"हा तुमच्यासारखाच हो," ती म्हणाली. "आधी घरं रंगवायचा."

मी जन्मभर तेच केलं. म्हटलं, "मग?"

"मग त्यानं पऱ्या रंगवल्या. तुम्ही संडास."

"संडासाला रंग लागतोच. पऱ्यांवाचून कुणाचं अडलंय?"

तिला हसू आवरेना. पऱ्या मात्र बऱ्या होत्या. पहाटेच्या दंवावर नाचत होत्या आणि गवत जराही दबलं नव्हतं. त्या मुलखात जुने देव लोकांनी कधीच सोडले होते, पण म्हाताऱ्या बाया गोष्टी सांगत राहिल्या. ह्या माणसानं त्या ऐकल्या आणि रंगवल्या. एका चित्रात एक देवी गाडीत बसून आभाळातून निघाली होती. गाडीला जुंपलेली मांजरं.

"कुठं निघाली ही?"

"नवरा हरवलाय तिचा. शोधतेय."

"तू शोधशील का मला?"

"तुम्ही मॉलमध्ये हरवता तेव्हा शोधते तेवढं पुरे. मांजरं कुठून आणू?"

पुढं तिनं सांगितलं की तो चित्रकार लग्न करून इटलीला गेला. बायकोही चित्रं काढणारी. तिथं परमुलखात तो तरुणपणीच वारला.

"आणि ती? एकटी काय करत असेल?"

"पुढच्या पानावर असेल. उद्या सांगते, डोळे दुखले."

तिनं चष्मा काढला, मान मागं टेकली. मी चहा ठेवायला गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा ती गेलेली होती. मी तिला दोनदा हाक मारली आणि मग पुढं काय करायचं ते मला सुचेना. इथं शेजारी ओरडून सांगायची सोय नाही. मुलाच्या ऑफिसचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता, तो कसाबसा फिरवला. ॲम्ब्युलन्स आली, तिला घेऊन गेली.

संध्याकाळी मी म्हटलं, ती गेली तिथं दिवा लावायचा. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, प्लीज, खाली कार्पेट आहे. आग लागेल." मग स्वयंपाकघराच्या फरशीवर ट्रेमध्ये दिवा ठेवला. शेजारी गव्हाचं पीठ पसरलं. आमच्याकडे ते पीठ टोपलीखाली झाकून ठेवतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याची खूण सकाळी त्यात उमटते म्हणतात. घरात टोपली कुठली? धुवायच्या कपड्यांची प्लॅस्टिकची जाळीची होती, तीच पालथी घातली.

मग मुलाला ते पुस्तक दिलं. म्हटलं, "ती बाई मागं राहिली, तिचं पुढं काय झालं ते बघ."

त्यानं पानं उलटली. "तिचं काहीच नाही बाबा. त्याची चित्रं कुठं कुठं आहेत, एवढंच आहे."

"नीट बघ."

"बघितलं, बाबा."

सकाळी टोपली उचलली. पिठात खुणा होत्या! एकामागं एक वळ्या, सोडलेल्या केसांसारख्या. मी खाली बसलो. मांजराचं पाऊल असतं तरी मला चाललं असतं. तेवढ्यात घर तापवायची तळघरातली भट्टी सुरू झाली. फरशीतल्या जाळीतून गरम हवा आली आणि माझ्यादेखत पिठात आणखी एक वळी उठली. दिव्याची जागा त्या जाळीशेजारी मीच निवडली होती. विझू नये म्हणून दिव्याला भिंतीचा आडोसा बघितला, पिठाचं ध्यानातच आलं नाही.

मुलगा जिन्यावरून म्हणाला, "बाबा, काय दिसलं?"

"काही नाही. तू अंघोळ कर."

मी हातानं पीठ सपाट केलं. फरशीतल्या जाळीची खिटी ओढून हवा बंद केली. टोपली पुन्हा पालथी घातली आणि थंड फरशीवर तिच्यापाशी बसून राहिलो.