वाचणारा जिथे थांबतो

माझ्या मामाला त्याचे जुने सोबती 'बर्नर' म्हणायचे. एक तर तो पटकन पेटायचा, आणि दुसरं म्हणजे गॅस गीझरचा बर्नर साफ करावा तर त्यानेच. अर्धं आयुष्य त्याने लोकांच्या न्हाणीघरांत काढलं. मग गुडघ्याने दगा दिला, जिने चढणं बंद झालं, आणि सर्व्हिस सेंटरने त्याला तक्रारी लिहून घ्यायला टेबलाशी बसवलं. ते काही जमलं नाही.

"लोक सांगतात, गीझर आवाज करतोय. मी विचारतो, फुसफुस की टकटक? तर म्हणतात, तुम्ही माणूस पाठवा!" असं म्हणून त्याने एक दिवस नोकरीच सोडली.

घरी बसल्यावर त्याने वेबसाइट काढली. मी संगणकाचं शिकलेली भाची, म्हणून सुरुवात मी करून दिली. बाकीचं तो व्हिडिओ बघून, मला शिव्या घालत, स्वतःच शिकला. गीझर आणि शेगड्या घरच्या घरी कशा साफ करायच्या, हे त्यात असायचं. तो लिहायचाही बोलल्यासारखं: 'काढलेले स्क्रू खिशात टाकू नका, वाटीत ठेवा. खिशातला स्क्रू पुढे कपडे धुताना सापडतो, तोही बायकोला.'

हॉलमध्ये एकच मोठं टेबल. अर्ध्या टेबलावर मामीचं शिलाई मशीन. ती पडदे शिवून देते. उरलेल्या अर्ध्यावर मामाचा संगणक. मधे मामीने खडूची रेघ मारली होती. पडद्याचं कापड रेघेपलीकडे आलं की मामा ते दोन बोटांनी ढकलायचा.

मग वेबसाइटवर जाहिराती आल्या. पहिल्यांदा पैसे जमा झाले तेव्हा मामाने संगणकाचा पडदा मामीकडे वळवून दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिलं. "वा! धाग्याचं रीळ येईल यात. एक."

मामा हसला, पण त्याला ते लागलं. घर मामीच्या पडद्यांवर चाललं होतं आणि त्याला ते सलत होतं. तो हात धुऊन जाहिरातींच्या मागे लागला. वर टाकून बघ, कडेला टाकून बघ, रंग बदलून बघ. जाहिरात कंपनीच्या मेल यायच्या, त्यांत एकच सल्ला असायचा: वाचणारा जिथे थांबतो तिथे जाहिरात ठेवा. बाकी कुणी यावर आकडेमोड केली असती. मामाने डोळे मिटले आणि तो मनाने एका न्हाणीघरात गेला.

"हे बघ," तो मला म्हणाला. "माणसाने कव्हर काढलं, बर्नर घासला, परत बसवला. आता तो पेटवतो. भक्कन पेटतं. तो हुश्श करतो, हात पुसतो आणि मग टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघतो. तिथे टाकायची."

पेटवण्याच्या पायरीखाली त्याने मोठी जाहिरात टाकली आणि कमाई खरंच उसळली. मामीने खडूची रेघ पुसली आणि वीतभर आपल्या बाजूला सरकवून पुन्हा मारली. मामा दिवसभर शीळ घालत होता.

संगणकाच्या कोपऱ्यात एक चौकट असायची: 'आत्ता पानावर'. त्या क्षणी किती जण वाचताहेत, तो आकडा. मामा जाता-येता त्यात डोकावायचा, जशी गृहिणी ओट्यावरच्या दुधाकडे डोकावते.

त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. सकाळचा चहा चालला होता. मामा वाचकांचे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवत होता, मामीला ऐकू जावं म्हणून मशीनच्या आवाजाच्या वर.

"'सर, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. पेटला! ज्योत काय छान पिवळी आली आहे, आधीपेक्षा मोठी. आई खूश. तीच आधी जातेय आंघोळीला. पान इथेच संपतं ना?...'"

शेवटचा 'धन्यवाद' त्याने वाचलाच नाही. मशीन थांबलं.

"काय हो? पेटलात का परत?" मामीने विचारलं.

मामाचा चेहरा उतरला होता. "खाली लिहिलंय," तो म्हणाला. "अगं, खाली लिहिलंय की मी."

त्याने स्वतःचं पान फोनवर उघडलं आणि अंगठ्याने वर सरकवायला लागला. पेटवण्याच्या पायरीखाली समुद्रकिनारा आला. किनाऱ्यावर एक हसरं कुटुंब, कुठल्याशा सहलीची जाहिरात. अख्खा पडदा व्यापून ते कुटुंब हसत होतं. त्याखाली पांढरी मोकळी जागा. कुणालाही वाटावं, संपलं पान. त्याच्याही खाली मामाचं वाक्य होतं: 'आता ज्योत बघा. निळी असली तर ठीक. पिवळी असली तर लगेच बंद करा, खिडकी उघडा, आणि कुणालाही आत जाऊ देऊ नका.'

मला त्याने हे लहानपणीच सांगून ठेवलं होतं. गॅस नीट जळला नाही की ज्योत पिवळी होते आणि विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. माणूस ओरडत नाही, कारण त्याला कळतच नाही. नुसती गुंगी येते.

अभिप्राय येऊन अर्धा तास उलटला होता.

मामाने उत्तर लिहिलं: गीझर बंद करा, आईला बाहेर काढा. सहा शब्दांत तीन चुका झाल्या, तरी त्याने तसंच पाठवलं. पण 'धन्यवाद' लिहून झाल्यावर परत कोण बघायला येतं? नावाच्या जागी 'एक वाचक' एवढंच होतं. पत्ता नाही, फोन नाही.

"तू शोध ना," तो मला म्हणाला. "तुम्हाला येतं ना, कोण कुठून बघतंय ते?"

मी शोधलं. एका मोठ्या शहराचं नाव निघालं.

"किती घरं असतील तिथे?"

"मामा, लाखो."

मामीने तोवर आणीबाणीचा नंबर लावला होता. तिने सगळं नीट सांगितलं. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकूनही घेतलं आणि मग पत्ता विचारला. मामी फोन हातात धरून आमच्याकडे बघत राहिली.

मामा कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होता. 'आत्ता पानावर: १'. मग शून्य. मग परत एक. "हे तेच असतील का गं?" तो पुटपुटला आणि पडद्याशी बोलायलाच लागला. "अहो, दार उघडा. आधी दार उघडा." मला त्याच्याकडे बघवेना. दुसऱ्यांच्या घरचे भडकलेले गीझर हसत विझवणारा माणूस तो.

एकदम तो खुर्चीत सरळ झाला. "थांबतात कुठे? तिथेच ना?"

त्याने जाहिरात काढली. मजकूर टाकताना माऊसचा बाण दोनदा भलतीकडे गेला, तेव्हा माऊस मी धरला. समुद्राच्या जागी लाल ठळक अक्षरांत मजकूर गेला: ज्योत पिवळी असेल तर आत्ता बंद करा आणि मला फोन करा. खाली मामाचा नंबर.

थोड्याच वेळात फोन वाजला. मामाने तो उचलला, पाडला, परत उचलला.

"पिवळी म्हणजे किती पिवळी हो?" एक गृहस्थ विचारत होते.

"तुमच्या आई आंघोळीला गेल्यात का?"

"माझी आई? ती माझ्या भावाकडे असते. ओळखता का तुम्ही तिला?"

एरवी मामी यावर पोट धरून हसली असती. मामाने त्यांना गॅसचा कॉक बंद करायला लावला. फोन ठेवला तो परत वाजला. या बाईंच्या घरी कित्येक आठवड्यांपासून ज्योत पिवळी होती. डोकं दुखतं ते पित्ताने, असं त्या धरून चालल्या होत्या. मग एक कॉलेजातला मुलगा. मग एक आजोबा. सगळ्यांचं म्हणणं एकच: खाली आणखी काही लिहिलंय, हे दिसलंच नाही. प्रत्येक फोनबरोबर मामा खुर्चीत आणखी खचत गेला. सकाळपासून तो एका घराच्या धास्तीत होता. आता कळत होतं की अशी घरं किती आहेत, हे मोजायची सोयच नाही.

जेवायला कुणी बसलं नाही. उन्हं कलल्यावर एका मुलीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"सर, सकाळी मीच लिहिलं होतं."

मामाने फोन स्पीकरवर टाकला.

"आई आत पडली. न्हाणीघराची कडी तुटलीये आमची, कधीची दुरुस्त करायची राहिलीये. म्हणून दार ढकलता आलं. शेजारच्यांनी उचललं. आम्ही दवाखान्यात आहोत, ऑक्सिजन लावलाय. डोळे उघडलेत तिने, पण मला अजून ओळखत नाहीये." ती थांबली. "माझं काय चुकलं ते बघायला मी पान परत उघडलं, तेव्हा तुमचा नंबर दिसला. सकाळी तो तिथे नव्हता ना?"

"नव्हता."

"मग काय होतं?"

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने मान खाली घातली.

"जाहिरात होती," मामा म्हणाला. "मीच ठेवली होती."

"हो," मुलगी म्हणाली. "समुद्र होता." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरचे काही दिवस मामा फोन उशाशी घेऊन झोपला. म्हणजे आडवा झाला. फोन वाजला की दचकायचा, आणि नाही वाजला की जास्तच घाबरायचा. अखेर त्या मुलीचा निरोप आला: 'आई घरी आली. नीट बोलते. गीझर काढून टाकला.' मामाने तो मामीला वाचून दाखवला, मग मला फोनवर वाचून दाखवला, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

आता त्याच्या पानांवर जाहिराती असतात, पण सगळं लिहून झाल्यावर, अगदी तळाला. कमाई पुन्हा धाग्याच्या रिळावर आली आहे. खडूची रेघ मात्र मामीने मागे घेतलेली नाही. कंपनीच्या मेल अजून येतात: तुमच्या पानावरची सर्वांत जास्त उत्पन्न देणारी जागा मोकळी आहे, भरायची का? खाली 'हो'चं मोठं हिरवं बटण असतं. मामा माऊसचा बाण त्या बटणापासून लांब, कडेकडेने नेऊन मेल पुसतो, गळका कॉक हाताळावा तसा.

आणि आंघोळीला जाताना तो फोन मामीच्या हातात देऊन जातो.

"वाजला तर लगेच दार वाजव."

"वाजवते हो, जा," मामी मशीनवरून मान न उचलता म्हणते. "आणि कडी लावू नका."

मामा कडी लावत नाही.