लांब दांड्याची मोटर

आमच्या दवाखान्यात कुठलीही वस्तू विकत घ्यायची तर आधी एक फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात शेवटून दुसरा रकाना असतो: ‘वापरणाऱ्याची शिफारस’. मी इथे एकवीस वर्षं भांडारपाल आहे. या रकान्यात लोक ‘ठीक’ एवढंच लिहितात आणि सही ठोकतात. खाटा ठीक, फ्रीज ठीक, स्ट्रेचर ठीक. स्ट्रेचरचं चाक पहिल्याच दिवशी निखळलं, तरी ठीक. माझ्या कपाटात असा एकच फॉर्म आहे ज्यात कुणी आठ ओळी लिहिल्या आहेत. तो बोटीच्या मोटरीचा आहे, आणि लिहिणारा माणूस माझा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. लोक त्यांना खुंटेमास्तर म्हणत. मास्तर ते कुठल्याच शाळेत नव्हते. तीस वर्षं ते दवाखान्याच्या बोटीवर नावाडी होते, आणि आमच्या तळ्यात पाण्यापेक्षा खुंट जास्त आहेत, म्हणून हे नाव. धरण बांधलं तेव्हा खालचं जंगल तोडायचं कंत्राट दिलं होतं. कंत्राटदाराच्या माणसांनी वाकायचा कंटाळा केला आणि झाडं कमरेइतकी ठेवून कापली. मग पाणी चढलं. तळं भरलेलं असतं तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही, पण पाणी उतरायला लागलं की कुठे हातभर, कुठे वीतभर खाली बुंधेच बुंधे. शिवाय वाहून आलेले ओंडके, पाणवेली आणि काठाला गुडघाभर गाळ.

पलीकडच्या काठावर साठ घरांची वस्ती आहे. रस्त्याने जायचं तर तळ्याला वळसा घालून साडेतीन तास, आणि रस्ता तरी म्हणायचा म्हणून. बोटीने चाळीस मिनिटं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नर्सबाई लशींची पेटी घेऊन पलीकडे जातात आणि येताना कुणी फार आजारी असेल तर घेऊन येतात.

ही चाळीस मिनिटं मास्तरांच्या डोक्यात पाठ होती. बुंध्यांना त्यांनी नावं दिली होती. दोन बुंधे जवळजवळ, मधून बोट जेमतेम निघते, ते ‘साडू’. दिसतो एकीकडे आणि लागतो दुसरीकडे, तो ‘वकील’. एक जाडजूड, बरोबर वाटेत बसलेला, हलायचं नाव न घेणारा, त्याचं नाव ‘जावईबापू’. हे कुणावरून ठेवलंय ते विचारायची मला कधी गरज पडली नाही, कारण घरात ते मलाही त्याच नावाने हाक मारत.

जुनी मोटर साधी होती, पाण्यात खोल पाय सोडून चालणारी. पंखा बुंध्यावर आपटला की आतली पिन तुटायची. गाळ ओढून घेतला की मोटर तापायची आणि बंद पडायची. मास्तर शर्टाच्या खिशात आठ-दहा पिना ठेवत आणि मधल्या पाण्यात पक्कड घेऊन बसत. गेल्या साली पलीकडून एका बाईला आणताना, तिला कळा सुरू झालेल्या, मोटरीचा खालचा भागच ओंडक्यावर फुटला. मास्तरांनी लांब काठी घेतली आणि गाळात रोवून रोवून बोट ढकलत आणली. अडीच तास. बाई दवाखान्यात पोचली आणि वीस मिनिटांत बाळंत झाली. मुलगी झाली. सगळ्यांनी मास्तरांना शाबासकी दिली, चहा दिला. खांद्याचं कुणी विचारलं नाही.

ते माझ्या बायकोला कळलं. मास्तरांची बायको गेल्यापासून ते आमच्याच मागच्या खोलीत राहतात, आणि दोन दिवस त्यांनी तोच शर्ट घातलेला तिने पाहिला. उजवा हात वर जाईना, म्हणून शर्ट काढताच येईना. तेव्हापासून रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मला घरातून सक्त ताकीद होती, दवाखान्यात तोंड उघडायचं नाही. उघडलं असतं तर काय झालं असतं हे मलाही ठाऊक होतं. मास्तरांना बोटीवरून उतरवून खिडकीत केसपेपर द्यायला बसवलं असतं. त्या खिडकीत मी धडधाकट माणसं वर्षभरात मऊ पडलेली पाहिली आहेत. मास्तरांना माणसांशी बोलायची सवय नव्हती. ते पाण्याकडे बघत बोलायचे आणि नर्सबाई ऐकून घ्यायच्या, एवढंच त्यांचं समाजकार्य.

जोडून-सांधून तीन महिने जुन्या मोटरीला ढकललं, मग नवी मंजूर झाली. चिखलात, वेलीत, खुंटांत चालणारी मोटर हवी असं मी लिहून दिलं. दुकानदार एका सकाळी गाडीवर दोन मोटरी लादून धक्क्यावर आला. दोन्ही हवेवर थंड होणाऱ्या, म्हणजे पाणी ओढून घ्यायचं नाही आणि गाळाची भीती नाही. फरक दांड्याचा. एकीचा दांडा माणसापेक्षा लांब, तिरका मागे जाणारा, त्याच्या टोकाला पंखा, तोही पाण्याच्या वरच्या थरातच फिरणारा. मूठ खाली दाबली की पंखा पाण्याबाहेर उचलला जातो. वळवायचं तर अख्खं इंजिन वळवायचं, आणि सगळा वेळ मूठ धरून ठेवायची. दुसरीचा दांडा आखूड. बोटीच्या पाठीला घट्ट बसते, दोन बोटांनी वळते, उलटीही चालते, आणि पळते जोरात.

“आखूडच घ्या,” बायकोने सकाळीच सांगून ठेवलं होतं. “दादाला तीच झेपेल.”

मी मान हलवली. बायकोपुढे मी पुष्कळदा मान हलवतो, पण त्या दिवशी मला ते मनापासून पटलं होतं.

धक्क्यावर डॉक्टर होते, नर्सबाई होत्या, मी फॉर्म घेऊन होतो, आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता. ड्रायव्हरला कुणी बोलावलं नव्हतं. इंजिनाचा आवाज झाला की तो येतोच. तिशीतला, दांडगा, चार शब्दांत तीनदा हसणारा. मास्तर त्याला ‘डांबरावरचा माणूस’ म्हणत आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

मास्तरांनी आधी आखूड दांड्याची लावली आणि डाव्या हाताने निघाले. काय चालवली! साडूंच्या मधून गेले, वकिलाला वळसा घातला, पलीकडे एका ओंडक्यापाशी थांबले आणि उलटी चालवून मागे आले. बुंध्याला बोटीचा रंगसुद्धा लागला नाही. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, “झालं, हीच घेऊ.”

“लांब दांड्याची नको का बघायला?” दुकानदाराने विचारलं.

“मंद आहे ती,” मास्तर म्हणाले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.

माझा जीव भांड्यात पडला. मी फॉर्म पुढे केला, पेन दिलं. मास्तरांनी फॉर्म बोटीच्या कडेवर ठेवला आणि कोपर टेकवून लिहायला घेतलं. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, “झकास मोटर आहे! मास्तर कधी आजारीबिजारी पडले तर मीसुद्धा नेईन बाईंना.”

“न्या बापडे,” नर्सबाई हसून म्हणाल्या. “फक्त मला पोहता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.”

त्यावर सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्या हातात परत दिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, “चल, ने.”

“आत्ता?”

“आत्ताच. ने.”

वजन हवं म्हणून मला बोटीत बसवलं. माझ्या पदाचा मान हा असा. मास्तर पुढे बसले. ना डावीकडे म्हणाले, ना उजवीकडे. ड्रायव्हर खुशीत निघाला. दोनशे हात गेला असेल नसेल, आणि आम्ही जावईबापूवर चढलो. पंखा लाकडावर बसला, मोटरीने मागून लाथ मारावी तसा झटका दिला, मूठ ड्रायव्हरच्या हातातून सुटली आणि बोट गर्रकन फिरली. एक बाजू पाण्याखाली गेली आणि पायात घोटाभर पाणी आलं. मी कशाला तरी घट्ट धरलं होतं. नंतर कळलं की तो मास्तरांचा दुखरा खांदा होता. ते ओरडले नाहीत. चेहरा मात्र पांढराफटक झाला होता.

पाणी उपसून झालं आणि त्यांनी ड्रायव्हरला दुसरी मोटर लावायला सांगितली. मी पुन्हा आत. लांब दांड्याची घेऊन ड्रायव्हर सरळ निघाला आणि पहिल्याच बुंध्यावर आपटला. दांडा बुंध्यावर चढला, पंखा हवेत गेला, इंजिन किंचाळलं, मग दांडा धप्पकन पलीकडे पाण्यात पडला आणि बोट चालू लागली. दुसऱ्या बुंध्यावर तसंच. तिसऱ्या वेळी तर ओंडका होता. ड्रायव्हरने मूठ खाली दाबली, दांडा उचलला आणि ओंडका ओलांडून पुन्हा पाण्यात सोडला. तो घामाघूम झाला होता आणि हसत होता.

तेव्हा मला आमची चूक उमगली. परीक्षा मोटरीची घ्यायची होती आणि पास झाले होते खुंटेमास्तर. त्यांच्या हातात शिलाई मशीनचं इंजिन दिलं असतं तरी ते पलीकडे पोचले असते. एकवीस वर्षं वस्तू तपासणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. कदाचित सुचू दिलं नव्हतं.

“फॉर्म द्या, जावईबापू,” मास्तर म्हणाले.

“दादा, घरी काय सांगू?” मी हळूच विचारलं.

“सांगा, दादाने ऐकलं नाही. नाही तरी तिची तीच तक्रार असते.”

त्यांनी बसून आठ ओळी लिहिल्या. लांब दांड्याचीच घ्यावी, कारण चालवणाऱ्याला बुंधा ठाऊक नसला तरी माणसं बुडत नाहीत, हे सगळं त्यात होतं. शेवटची ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचली: ‘ही मोटर धरायला उजवा खांदा धड हवा. माझा नाही, म्हणून दुसरा माणूस नेमावा.’ डॉक्टरांनी त्यांना हात वर करायला लावला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. डॉक्टर रागावले, कधीपासून म्हणून विचारलं. मास्तरांनी तारीख सांगितली. नर्सबाईंना ती तारीख लक्षात होती. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जणू खांदा मीच मोडला होता.

पहिल्या मंगळवारी मास्तर वाट दाखवायला बरोबर गेले. पलीकडच्या औषधांच्या कपाटाची तपासणी काढून मीही बसलो. कपाटाला काही झालं नव्हतं. मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं, हे खरं. ड्रायव्हर मागे मूठ धरून उभा, मास्तर पुढे. बोटीत पुढे बसायची त्यांना सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग ते डावा हात वर करून खूण करू लागले: इकडून, आता तिकडून. पहिली तीन वळणं ड्रायव्हरने ऐकली. चौथ्याला लांब दांडा वेळेवर वळला नाही आणि आम्ही बुंध्यावरून गेलो. धप्प. काही झालं नाही. पाचव्यालाही काही झालं नाही. त्यानंतर ड्रायव्हर सरळच निघाला. मुद्दाम नव्हे. त्याचं त्यालाच कळलं नसावं. मास्तरांचा हात आणखी दोनदा वर गेला. मग तो गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

खांदा गेला तर बोट जाईल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. वाट दाखवायला तरी आपण लागू, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. त्या अर्ध्या तळ्यात मला जितकं वाईट वाटलं तितकं माझे वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पलीकडे पोचलो तेव्हा नर्सबाईंनी सवयीने घड्याळ बघितलं. “छत्तीस मिनिटं. चार मिनिटं वाचली की,” त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

मास्तर उतरले. दोर डाव्या हाताने खुंटीला बांधला. ड्रायव्हर दंड चोळत उभा होता.

“दुखतोय?” मास्तरांनी विचारलं.

“थोडासा. भरून आलाय.”

“खांद्याने दाबतोस म्हणून. मघापासून बघतोय.” मास्तर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, त्याच्या कमरेला दोन्ही बाजूंनी धरलं आणि त्याला थोडं पुढे झुकवलं. “इथून दाबायचं. असं. पाय रुंद ठेव. खांद्यावर कधीच घ्यायचं नाही, कितीही घाई असली तरी.”

ड्रायव्हर या खेपेला हसला नाही. “हो मास्तर,” म्हणाला.

“परत करून दाखव.”

त्याने करून दाखवलं. मास्तरांनी त्याला आणखी चार वेळा करायला लावलं आणि मग लशींची पेटी डाव्या हातात घेऊन ते नर्सबाईंच्या मागून चढ चढू लागले.