दसऱ्याचा मुहूर्त आणि पंधरा मेगाबाइट

"दहा गिगाबिटची लाइन आहे, प्राची! आठ टेराबाइट जायला दोन तास पण लागत नाहीत. आणि तू मला आठवडा काय सांगतेस?"

नितीन सर, माझे बॉस. लोअर परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमधले पेशंटचे जुने स्कॅन नव्या सर्व्हरवर हलवायचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि साइट माझी होती. दसरा चार दिवसांवर आलेला. सरांनी मला न विचारता ट्रस्टींना शब्द देऊन टाकला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर नारळ फोडायचा, नवी सिस्टीम चालू, जुनी बंद. दुपारी जुन्या मशीनसाठी भंगारवाल्याचा टेम्पो.

"सर, लाइन दहा गिगाबिटची आहे. जुने स्कॅन ज्या टेपवर आहेत, ती तेवढी फास्ट नाही."

"ते तुझं तू बघ. मी कमिट केलंय."

हे जरा सोपं करून सांगते. नेटवर्कवाले वेग बिटमध्ये सांगतात, स्टोरेजवाले बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून दहा गिगाबिटला आठने भागायचं, की सेकंदाला साडेबाराशे मेगाबाइट येतात. इथवर सरांचं गणित बरोबर. पण स्कॅन होते जुन्या टेपवर. कपाटाएवढं खोकं, आत कॅसेटी, एक यांत्रिक हात एकेक कॅसेट उचलून ड्राइव्हमध्ये घालतो. त्या ड्राइव्हची स्कझी नावाची जाडजूड केबल आजच्या सर्व्हरला बसतच नाही, म्हणून मध्ये एक जुना पीसी ठेवावा लागला. आणि ड्राइव्ह वाचतो किती? सेकंदाला पंधरा मेगाबाइट. घरात केवढंही मोठं पिंप आणून ठेवा, चाळीच्या नळाला करंगळीएवढी धार असेल तर ते त्याच धारेने भरणार ना? हे आमच्या करी रोडला शेंबडं पोर पण सांगेल. पण सरांना लाइनच्या बिलावरचा आकडा तेवढा पाठ.

मी कॉपी चालू केली. दसऱ्याच्या सकाळी जेमतेम निम्म्या टेपा झाल्या होत्या. तरी सरांच्या रिपोर्टमध्ये 'मायग्रेशन पूर्ण'. म्हटलं, हे कसं? तर त्यांनी दुसऱ्या एकाला सांगून पेशंटच्या नावांची नुसती यादी नव्या सर्व्हरवर चढवून घेतली होती.

"नावं दिसतात ना स्क्रीनवर? मग झालं. जुने स्कॅन कोण उघडतंय!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तेवढ्यात डॉक्टर फडके खाली सर्व्हर रूममध्ये आले. हॉस्पिटलचे न्यूरोसर्जन.

"मॅडम, हे नाव येतंय, पण स्कॅन ब्लँक आहे. काय प्रकार आहे?"

पेशंट हेमाताई. वरळी कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. डोक्यातली गाठ बऱ्याच वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात काढलेली. आता पुन्हा तिथेच काहीतरी दिसत होतं. जुना वण असेल तर औषधावर घरी, नवी गाठ असेल तर उद्या सकाळी ऑपरेशन. फरक कळायला जुना स्कॅन समोर हवा, तो नसेल तर डोकं उघडूनच बघावं लागणार. तो स्कॅन होता न वाचलेल्या टेपमध्ये. मी ती टेप लगेच लावली. एक अख्खी टेप वाचायला दोनेक तास लागतात. पूजा अर्ध्या तासावर.

"सर, दुपारपर्यंत थांबा."

"प्राची, ट्रस्टी खाली आलेत. मुहूर्त टळला तर माझं नाक कापलं जाईल."

"तुमचं नाक, आणि त्या बाईचं डोकं, सर!"

एवढ्यात आप्पासाहेब आत आलेच. ट्रस्टी, गिरगावातले, ऐंशीच्या घरातले. मागे गुरुजी, ताट, नारळ. सरांनी हसत हसत जुन्या मशीनच्या स्विचकडे हात केला. मी आप्पासाहेबांना बिट-बाइट सांगायला लागले. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. मशीनचा आवाज चालू होता, आणि मी सरळ स्विचच्या पुढे उभी राहिले.

"आप्पासाहेब, माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. दसऱ्याला साच्याला झेंडूचा हार घालायचे. दसऱ्याच्या दिवशी चालतं हत्यार भंगारात दिलेलं तुम्ही कधी ऐकलंय?"

आप्पासाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "नाही बुवा. आज पूजायचं असतं. मोडीत कसं काढणार?"

"मग नितीन, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" आप्पासाहेब करवादले. "हार आणा या मशीनला. आणि टेम्पो परत पाठवा."

चार वर्षं शिकलेलं इंजिनिअरिंग एकीकडे, झेंडूचा हार एकीकडे. मशीन वाचलं याचा आनंद झालाच. पण भागाकाराने जे झालं नाही ते हाराने झालं, याचा संताप अजून जात नाही.

दुपारी स्कॅन उघडला. वणच होता, तोच, तेवढाच. ऑपरेशन रद्द. उरलेल्या टेपा पुढच्या आठवड्यात उतरल्या. आणि सरांनी वरच्यांना मेल टाकला: 'ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने काम पूर्ण.' ठरल्याप्रमाणे! निर्लज्जपणाला पण काही लिमिट?

तेव्हापासून कुणी स्पीड सांगितला की मी पहिलं विचारते, कशाचा? सगळ्यात हळू मशीनचा असेल तरच पुढे बोलायचं.

घरी जायच्या दिवशी हेमाताईंना डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "मंजे माजा डोका फुकट फोरनार होते ते?"

"हो ताई," मी म्हटलं. "मुहूर्त चांगला होता."