ताप उतरल्यानंतर

माझे यजमान तापातून उठले त्या दिवशी मी आमच्या माले गावच्या भैरवनाथाला नारळ फोडला होता. आणि पंधरवडाही झाला नसेल, त्याच देवाच्या दारात जायचं मी सोडून दिलं. नवस फेडून घेतो आणि मग दिलेलं काढून घेतो, असा कसला हा देव, असं मनात येई.

सत्तावन्न सालची ती फ्लूची साथ. घरोघरी माणसं कण्हत पडली होती. यजमानांना ताप आला, खोकल्यानं छाती भरली, मग घाम फुटून ताप उतरला. भाताची लावणी खोळंबली होती, म्हणून ते लगेच चिखलात उतरले. पाठीवर भाताचं पोतं घेऊन टेकडी चढणारा माणूस, पण आता चार रोपं लावली की बांधावर येऊन बसे आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेई. सासूबाई म्हणायच्या, "तापानं आंग मोडलंय त्याचं. दूध-भात खाऊ दे, हुईल नीट." मीही तेच धरून बसले. पण त्यांच्या पावलांना सूज आली. बोटानं दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. आडवं होताच ते दचकून उठत. "उरावर कुनीतरी बसल्यावानी वाटतंया," एवढंच म्हणत. अंगारा लावून झाला, काढे झाले. शेवटी एका सकाळी त्यांना उंबऱ्यापर्यंतही चालवेना.

डॉक्टर होते ते पौडाला, पण ओढ्याला पाणी होतं, तिकडं जाणारी एस.टी.ची मोटार आली नव्हती. धाकट्या दिरांनी बैलगाडी जुंपली. गाडीत पेंढा पसरून आम्ही यजमानांना झोपवलं आणि वरून घोंगडी घातली. वाटेत त्यांचा श्वास घरघरू लागला, ओठ काळे-निळे पडले. त्यांचा हात हातात घेऊन मी नुसती बसून होते. देवाचं नाव तोंडात येत होतं आणि मी ते गिळत होते.

रस्त्याकडेला झाडाखाली एक बाई मोटारीची वाट बघत उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, आमच्या भागातल्या वाटत नव्हत्या. पौडापर्यंत येऊ का म्हणून त्यांनी गाडी थांबवली आणि आत नजर जाताच ओरडल्या, "अहो, त्यांना आडवं ठेवू नका! उठवा, बसवा आधी!"

"बसायला जीव न्हाई वो त्यांच्यात," मी म्हणाले.

"नसू दे. मी बसते."

त्या गाडीत चढल्या. आम्ही दोघींनी यजमानांना उठवलं, पाय खाली सोडले. मग त्या बाई त्यांच्या पाठीला पाठ लावून बसल्या आणि पौडापर्यंत तशाच राहिल्या. गाडी खड्ड्यात आदळे, परक्या पुरुषाचा सगळा भार त्यांच्या अंगावर येई, पण त्या हलल्या नाहीत. हळूहळू घरघर कमी झाली. मी विचारलं, "तुमाला कसं कळलं, बाई?" त्यांनी पाय रोवून पाठ आणखी ताठ केली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ असाच गेला. ताप गेला म्हणून आम्ही निवांत होतो. गुदमरत होता, तरी आराम पडावा म्हणून त्याला झोपवून ठेवत होतो."

पौडाच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि पुण्याला न्यायला सांगितलं. त्या धांदलीत बाई कुठं गेल्या, कळलं नाही. नाव विचारायचंही राहिलं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला समजावलं, "तापाचं विष हृदयापर्यंत गेलंय. हृदय सुजून ढिलं पडलंय, रक्त पुढं ढकलायचा जोर त्यात राहिला नाही. म्हणून पायात आणि छातीत पाणी साठतंय. औषध देतो, पण खात्री देत नाही." मी व्हरांड्यात येऊन बसले. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण मागायला आशा लागते. फक्त एवढंच मनात आलं, की मला आता हे पेलत नाही, तुझं तू बघ. ती प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. पण ते म्हटल्यावर कितीतरी दिवसांनी मला रडू आलं.

ते वाचले, पण पूर्वीचे झाले नाहीत. नांगर गेला, चढण गेली. उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपत. गडीमाणसाला असं बसून राहणं सोसत नाही. कितीदा म्हणाले, "मला कशाला आनलंस गं माघारी?" मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करी. एकदा आमची थोरली लेक त्यांच्यापाशी बसून पाटीवर अक्षरं गिरवत होती. तिचा हात धरून त्यांनी 'भ' काढून दिला आणि माझ्याकडं बघून हसले. त्या दिवसापासून तो प्रश्न पुन्हा आला नाही.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात ते गेले. आणखी वर्षं का दिली नाहीस, असं भांडायला मी देवळात गेले होते. गाभाऱ्यापुढं उभी राहिले, तेव्हा मात्र पुण्याहून परतल्यानंतरची ती सगळी वर्षं डोळ्यांपुढं आली. ती माझ्या हक्काची नव्हती, तरी मिळाली होती. भांडण ओठांवरच राहिलं. हात जोडले, काही मागितलं नाही आणि घरी येऊन लेकींसाठी भाकरी थापायला बसले.