पहिल्या रांगेतील खुर्ची

अण्णांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. कर्जतच्या कचेरीतून माझी नगरला बदली झाली आणि मी केडगावात बिऱ्हाड केले. आठवडाभरातच माझ्या लक्षात आले, की कोट-टोपीतले एक सभ्य गृहस्थ रोज सकाळी दहा पावले अंतर ठेवून माझ्यामागून चालतात. मी थांबलो की तेही थांबत. चौथ्या दिवशी मी वळून खडसावले, "काय हो, माझ्या मागावर का आहात?" ते हात जोडून म्हणाले, "क्षमा करा. डावा पाय टाकताना आपण खांदा जरासा पाडता. आमच्या नाटकात कारकुनाचे काम आहे, त्याला ही चाल हवी होती. आपण दिलीत तर घेतो. मात्र प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसले पाहिजे."

हे भिकाजी गणेश दाणी, तेव्हाचे आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर आणि गावच्या हौशी नाटकमंडळीतले विनोदी नट. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. मी चाल दिली, प्रयोगाला गेलो आणि इतका हसलो की शेजारच्याने माझी टोपी उचलून दिली. त्याच महिन्यात मी मंडळीत शिरलो. फार्स लिहायचे काम माझ्याकडे आले. आज अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

पहिल्या रांगेच्या या खुर्चीबद्दल आधी सांगायला हवे. ज्याचे सोंग घ्यायचे त्याच्या घरी अण्णा नारळ घेऊन जात आणि त्याला प्रयोगाला बोलावीत. तो हसला तर सोंग राहायचे. त्याचे तोंड उतरले तर दुसऱ्या दिवसापासून बंद. गणपतराव शेलार नावाचे आमचे एक शेतकरी घोडेगावच्या बाजारात बैल कसा पारखतात, हे अण्णांनी एकदा करून दाखवले. गणपतराव खुर्चीतून ओरडले, "आरं, ह्यो तर मीच हाय! पन मास्तर, मी आदी शेपटी धरत न्हाई. आदी दात बगतो." अण्णांनी तिथेच, भर प्रयोगात, आधी दात पाहिले. गणपतराव लोळायचे तेवढे बाकी राहिले.

या नियमाला एकच अपवाद होता, आणि तो माझ्या लेखणीचा. 'हबशी जादूगार' हा फार्स मी लिहिला. अण्णा अंगाला तेलात कालवलेली काजळी फासत, नाकात पत्र्याचे कडे घालत आणि मी बनवलेली अगम्य बडबड करत उड्या मारत. लोक वेडे होत. हबशी खुर्चीवर आणून बसवायचा कुठून? अण्णा एकदा म्हणालेही, "याला नारळ कुणी दिला नाही रे." मी म्हणालो, "अण्णा, तो नारळ समुद्रात सोडा." आम्ही दोघेही हसलो होतो.

मग लढाईच्या दिवसांत एका सकाळी पुण्याच्या रस्त्यावर लष्कराचा एक ट्रक बिघडला. त्यात आफ्रिकेतले पाच शिपाई होते. दुरुस्तीला दिवस लागणार होता, म्हणून अण्णांनी त्यांना शाळेच्या ओसरीवर बसवले, पाणी दिले, भाकरी दिली. त्यांतले क्वाकू नावाचे गृहस्थ इंग्रजी बोलत. मी मधे बसून दुभाष्याचे काम केले. ते आपल्या देशात शाळामास्तर निघाले! अण्णांना कोण आनंद! त्यांनी ते नाव तीनदा म्हणून पक्के केले आणि त्यांना थेट तिसरीच्या वर्गात नेले. क्वाकूंनी टाळ्या वाजवत आपल्या भाषेतले आकडे मुलांना शिकवले. तासाभरात मुले त्यांना 'क्वाकू गुरुजी' म्हणू लागली.

दैव असे, की हनुमान जयंतीनिमित्त त्याच दुपारी आमचा प्रयोग होता, आणि गावकऱ्यांनी मोठ्या अगत्याने पाचही पाहुण्यांना हार घालून पहिल्या रांगेत बसवले. पडद्यामागे अण्णांचा एक हात काळा झाला होता. ते म्हणाले, "आज हे नको." मी म्हणालो, "लोक हबशीसाठी आलेत, अण्णा. पाहुणेही हसतील. आपण साहेबाचे, पठाणाचे करतो, त्यात काय एवढे?" शब्द माझे आहेत, मी नाकारत नाही. अण्णांनी माझे ऐकले.

मांडव हशाने हलला. चार शिपाई गोंधळून एकमेकांकडे पाहत राहिले. क्वाकूंनी मात्र रंगमंचाकडे पाठ केली आणि ते मागे बसलेल्या मुलांकडे पाहू लागले. सकाळची तीच मुले पोट धरून हसत होती. अण्णांनी ते पाहिले, ते मधेच थांबले आणि हात जोडून आत गेले.

पडदा पडल्यावर क्वाकू मला भेटले. रागावले नव्हते. एवढेच विचारले, "ही भाषा कुठली?" अण्णा तोंड पुसून बाहेर येईतो ट्रक निघून गेला होता. त्यांच्या हातातला नारळ हातातच राहिला.

त्या संध्याकाळी अण्णांनी 'हबशी' बंद केला. आमच्यात कडाक्याचे भांडण झाले, कारण कर्जतच्या यात्रेचे बोलावणे त्याच फार्ससाठी आले होते. मी म्हणालो, "मग उद्या कोणाचेच सोंग घ्यायचे नाही की काय?" अण्णा म्हणाले, "घ्यायचे. क्वाकू गुरुजी देतील तर त्यांची टाळी वाजवायची लकब मी घेईन. पण मी करत होतो तो माणूस कुठे होता? नुसती काजळी होती."

मी अबोला धरला. नेमकी तेव्हाच माझी पत्नी विषमज्वराने पडली. तीन आठवडे रोज पहाटे अण्णा येत, विहिरीवरून आमचे पाणी भरत आणि जात. मी बोलत नव्हतो म्हणून तेही बोलत नसत. माझा अबोला मोडायला नको, एवढा विचार ते करीत. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चौथ्या आठवड्यात तिचा ताप उतरला, तेव्हा ते नारळ घेऊन आले आणि तो माझ्या हातात ठेवून गेले.

कर्जतला मी पहिल्या रांगेत बसलो. पडदा वर गेला तसा ओरडा सुरू झाला, "हबशी आना! आमी त्येच्यासाठी आलोय!" अण्णा साध्या कोटात पुढे आले. त्यांनी काजळी फासू पाहणारा एक हेडमास्तर केला आणि मग, खांदा पाडून, त्याला खोटी भाषा लिहून देणारा एक दीडशहाणा कारकून केला. तो कारकून प्रत्येक शब्द लिहिताना स्वतःवरच खूश होत होता. पहिली पाच मिनिटे माझे कान तापले. सारे कर्जत, माझी जुनी कचेरीसुद्धा, माझ्याकडे पाहत होते. त्या खुर्चीत बसल्यावर काय होते, हे मला तेव्हा कळले. अण्णा मात्र लोकांकडे पाहत नव्हते, ते माझ्याकडे पाहत होते. मग त्या कारकुनाने आपलेच लिखाण वाचून स्वतःलाच दाद दिली, आणि मला हसू फुटले. लोकही हसले. सोंग राहिले.

हा लेखही एक सोंगच आहे, अण्णांचे. म्हणून नियमाप्रमाणे परवा नारळ घेऊन गेलो, त्यांना खुर्चीत बसवले आणि हे सारे वाचून दाखवले. अण्णा ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. मी मधेच थांबलो, असे तू लिहिले आहेस."

मी म्हणालो, "अण्णा, गौरवग्रंथ आहे. एवढे चालते."

"मी थांबलो नव्हतो. त्यांनी पाठ केलेली पाहिली आणि तरी शेवटच्या उडीपर्यंत सारे केले. लोक हसत होते ना. तेवढे नीट लिही."

अण्णा मधेच थांबले, हे वर लिहिलेले वाक्य खोटे आहे. अण्णांच्या इच्छेने ही दुरुस्ती मी इथे नोंदवतो. साठीच्या सत्काराला स्वतःच्या गौरवातून एक ओळ कमी करून घेणारा माणूस माझा सहकारी आहे, याचा मला केवढा अभिमान वाटतो! श्रीमारुतिराय अण्णांना शंभर वर्षांचे धडधाकट आयुष्य देवो, आणि तोवर आमच्या प्रत्येक लिहिण्या-नाचण्याला पहिल्या रांगेत बसून, आमचे कुठे चुकले ते सांगण्याची ताकद देवो.