बारा तासांची गॅरंटी

"आई... सासूबाई गेल्या गं." लेकीचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. लोणीच्या आमच्या विहीणबाई, यशोदाबाई. आदल्या दुपारी आळेफाट्याच्या कार्यालयात एका लग्नात आम्ही दोघी एका पंगतीला जेवलो होतो हो! घरी पोचल्यावर त्यांना चक्कर आली, दवाखान्यात नेलं आणि पहाटे सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगात पाणीच उरलं नव्हतं. असं कसं? पंगतीत जागोजागी पाण्याचे जार होते, मी स्वतः ग्लास भरून हातात दिला होता... महिना होत आला आता त्याला.

लग्न म्हटलं की या बाईला नवरदेवापेक्षा जास्त घाई. माझ्या लेकीच्या लग्नात त्या मानापानावरून रुसून बसल्या. मी हातापाया पडायला गेले, तर पदराआड खुदुखुदु हसतायत. "रुसल्याबिगर विहीण कसली वो?" म्हणाल्या. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. अशी ही बाई दोन वर्षांपूर्वी एकाएकी घराबाहेर पडेनाशी झाली. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायच्या. खरं काय ते लेकीने मला हळूच सांगितलं. शिंकलं, खोकलं, जरा मोकळं हसलं की साडी ओली व्हायची.

मी हाडाची मास्तरीण. एवढ्याशा गोष्टीपायी बाईने चार भिंतींत बसायचं म्हणजे काय! तडक आळेफाट्याच्या मेडिकलमधून मोठ्यांच्या डायपरचं पाकीट आणलं, चड्डीसारखं पायातून चढवायचं असतं ते. शेठनी ते आधी पेपरात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळलं. आवाज बारीक करून म्हणाले, "बारा तास गॅरंटी, बाई." विहीणबाई ती पिशवी बघून म्हणतात कशा, "चोरीचा माल हाय का काय?" घालायला मात्र तयार होईनात. मग मी परीक्षाच घेतली. चड्डी ओट्यावर पसरली, त्यात दोन फुलपात्री पाणी ओतलं, घटकाभराने वरून कोरडा कागद दाबला. कागद कोरडाच! "पास!" मी ओरडले. त्या कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. "लई भारी वो," एवढंच म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

पहिल्यांदा ती घालून त्या घोडेगावला साखरपुड्याला आल्या. तास दीड तास मांडी घालून बायकांत बसलो होतो. उठायची वेळ झाली तसा त्यांच्या हाताचा धक्का लागून तांब्या थेट मांडीवर सांडला, सगळं लुगडं भिजलं. "काय हा धांदरटपणा!" मी चारचौघींत बोलले. त्याही हसल्या, "म्हातारी झाले आता," म्हणाल्या. पुढे मात्र त्यांनी एक कार्यक्रम चुकवला नाही. मी दर वेळी विचारायची, "काय, देतेय का दगा?" त्या म्हणायच्या, "न्हाई वो, थेंब बाहेर येत न्हाई." मी आपली फुशारकीने सगळ्यांना सांगत सुटले.

त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोणीला लेक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, चक्कर आली तेव्हा मीच त्यांचे कपडे बदलले. चड्डी कोरडी होती. सकाळी घातलेली, पाकिटातून काढल्यासारखी." मला अर्थच लागेना. मग ती म्हणाली, "कुठं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोंडाला लावायच्या नाहीत. मांडी घालून बसलं की मांडीपाशी फट पडते, बाजूने सगळं बाहेर येतं. घोडेगावला तसंच झालं होतं... मी किती सांगायचे, पण ऐकायच्या नाहीत. मला वाटलं, तुला तरी बोलल्या असतील."

अगं बाई! म्हणजे तो तांब्या त्यांनी मुद्दाम स्वतःवर पालथा घातला होता. आणि मी त्यांना धांदरट म्हणाले, तेही चारचौघींत! पाकिटावर एक बाई हसत उभी आहे. तिला कुठे पंगतीला बसायचं होतं? मीही ओट्यावर सपाट पसरूनच बघितलं. चाळीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतल्या, आणि इथं खुशाल पास करून मोकळी झाले. मला सांगितलं असतं तर मी काय त्यांना हसले असते? पण मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसल्या असणार. त्यांचा स्वभावच तसा. आणि मी तरी काय, दगा देतेय का तेवढं विचारलं. पंगतीत त्यांनी ग्लास ओठांना लावून खाली ठेवलेला मला दिसला होता. "प्या की," म्हटलं, तर म्हणाल्या, "प्याले की!" आणि मी जिलबी वाढून घ्यायला वळले.

त्यांच्या पिशवीतली स्टीलची बाटली मी लेकीकडून मागून आणली. लग्नादिवशी कार्यालयाच्या दारात, वाटेत लागेल म्हणून, मीच ती जारमधून भरून दिली होती. आता माझ्या ओट्यावर असते. परवा शेजारीण घासायला म्हणून उचलायला गेली आणि म्हणाली, "अहो बाई, ही तर गच्च भरलीय. महिन्याचं शिळं पाणी, ओतून द्या की." मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली. झाकण मी अजून उघडलेलं नाही. त्यांनीही उघडलं नव्हतं.