बॅकस्पेसने किती खोडावं

सासऱ्यांचा आवाज गेला तेव्हा पहिला फरक पडला तो शेजाऱ्यांना. आमच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळेनासं झालं. आमच्या साताऱ्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मुकादम होते. ट्रकच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या टोळीला हाक मारायची सवय. जुईनगरच्या फ्लॅटमध्ये तो आवाज कधी मावलाच नाही. मग घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, आणि ते सगळं बंद झालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा वेळी रडण्यापेक्षा सोय बघणं मला जास्त जमतं. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून दिला आणि लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप. वाचणारा आवाज एका बाईचा होता, बातम्या सांगतात तसा स्वच्छ आणि थंड. "आमटीत मीठ टाकलंस का नुसता डबा दावलास?" हे वाक्य ती इतक्या अदबीने म्हणायची की राग येण्याआधी हसू यायचं. मामांना ती बाई आवडली नव्हती, पण हळूहळू ते तिला कामाला लावायला शिकले. टोमणा मारायचा तर तो वेळेत पडायला हवा हे त्यांना पक्कं ठाऊक, त्यामुळे अंगठा भराभर चालायला लागला.

कीबोर्ड फुकट होता. जगभरचे प्रोग्रामर आपापली नोकरी सांभाळून तो बनवतात. त्याच्या नव्या आवृत्तीची बातमी मी दुपारी जेवताना वाचली होती. प्रोग्रामर लोकांची एक साइट आहे, तिथे अशा बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीखाली भांडणं होतात. ही बातमी इमोजीची होती. काही इमोजी आतून दोन-तीन तुकडे जोडून केलेले असतात. बॅकस्पेस दाबला की त्यांचा एकेक तुकडा गळायचा, कुटुंबाच्या चित्रातून आधी मूल जायचं, मग आई. लोक वैतागले होते. आता एका दाबात सगळं चित्र जाणार होतं. खाली पुष्कळ जणांनी शाबासकी दिली होती. मी डबा धुवायला उठले.

दोन दिवसांनी मामांनी फोन माझ्या लॅपटॉपवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

"काय झालं?"

त्यांनी 'उद्या' लिहून दाखवलं. काना देताना अंगठा शेजारच्या वेलांटीवर पडला आणि 'द्यी' झालं. पूर्वी बॅकस्पेस दाबला की नुसती वेलांटी जायची. आता 'द्यी' आख्खं गेलं, 'उ' एकटा उरला. म्हणजे द पुन्हा, त्याचा पाय मोडायचा तो पुन्हा, य पुन्हा, मग काना. मामांचा अंगठा पोती उचलून रुंद झालेला. काना आणि वेलांटी दोन्ही त्याखाली एकदमच येतात.

इमोजीसाठी केलेला नियम आमच्या जोडाक्षरांनाही लागला होता. मी जुनी आवृत्ती शोधली आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्यांच्या फोनवर टाकून दिली. काम संपलं असं मला वाटलं.

मामांनी लिहिलं, बाई बोलली, "माझं झालं. टोळीचं काय?"

टोळी म्हणजे बेलापूरच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा जमणारे लोक. सगळ्यांचं स्वरयंत्र काढलेलं. मामांनी तिथेही मुकादमी सुरू केली होती आणि प्रत्येकाच्या फोनवर हाच कीबोर्ड माझ्याकडून टाकून घेतला होता. त्यातले बेलापूर गावातले आगरी काका म्हणजे मामांचे खास. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघं सकाळपासून एकमेकांची उणीदुणी काढायचे. काकांना मुलाने नुकताच नवा फोन घेऊन दिला होता, आणि त्या फोनवर जुनी आवृत्ती चढतच नव्हती. मी दुसरे कीबोर्ड लावून पाहिले. त्यांत बटणं कुठल्या कुठे. काकांनी ते एकदा दाबून पाहिले आणि फोन उलटा ठेवला.

त्यानंतर ग्रुपवर काकांचा फक्त अंगठा यायला लागला. मामांनी कितीही डिवचलं तरी उत्तर एकच, पिवळा अंगठा.

"आता हा मुका झाला," मामांनी लिहिलं.

मग मी त्या बातमीखाली लिहिलं. सरळ लिहिलं, की आमच्या लिपीत एकेक अक्षर चार-पाच दाबांनी तयार होतं, चूक बहुधा शेवटच्या दाबात होते, तुम्ही सगळं खोडायला लावताय आणि ज्यांना लिहूनच बोलायचंय ते गप्प बसलेत.

उत्तरं लगेच आली. एकाने मला संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक नियमावलीचा दुवा दिला, त्यात जोडाक्षर हे एक अक्षर मानलंय, मग ते एकदम खोडलं तर तक्रार कसली? दुसरा नावावरून मराठीच दिसत होता. त्याने लिहिलं, मराठीत कोण टाइप करतं, सगळे इंग्रजी अक्षरांतच लिहितात. त्याला मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर मामांच्या शब्दांत दिलं असतं.

तिसरा होता हा कीबोर्ड सांभाळणारा. तो सौम्य होता. त्याचं म्हणणं, तुकडे एकेक करून गळले की मधेच अर्धवट अक्षर दिसतं, त्याच्या पायाशी तिरकी रेघ लोंबते, लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. तशा तक्रारी त्याच्याकडे आल्या होत्या. पुढे त्याने लिहिलं, "मला तुमची एकही लिपी वाचता येत नाही. सांगणारं कोणी भेटलं नाही की मी अंदाजाने चालतो." हे वाचून माझा निम्मा राग गेला. पगार नाही, आभार नाहीत, वर माझ्यासारख्यांची बोलणी.

मामांना मी ते मराठीत सांगितलं. अक्षराचा पाय मोडलेला दिसतो, म्हणून ते सगळंच काढून टाकतात, म्हटलं.

मामांनी लिहायला वेळ घेतला. "पाय मोडला म्हनून गडी कोन टोळीतनं काढतं का?"

ते मी तिथे भाषांतर करून टाकलं. आम्ही त्या रेघेला पाय मोडणं म्हणतो, हे समजवायलाच चार ओळी गेल्या. काही जणांना गंमत वाटली. नियम जागचा हलला नाही. कीबोर्डवाल्याने एवढंच विचारलं, कोणी वापरताना दाखवू शकाल का?

रविवारी मी आणि मामा बेलापूर गावात काकांच्या घरी गेलो. मी फोन काढून शूटिंगचं सांगताच काकांनी हाताने नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मामांनी फोन पुढे धरला. बाईने वाचलं, "तोंड न्हाई दावायचं, आंगठा दावायचा. तुझं तोंड कुनाला बघायचंय."

काकू आतून म्हणाल्या, "मंग काडू दे ना पोरीला. आंगठ्याला कसली लाज हाय?"

काकांचे खांदे हलले. आवाज नसलेलं हसू असंच दिसतं. त्यांनी फोन उचलला आणि मामांना 'उद्या येतो' लिहायला घेतलं. उ आला. द्य आला. वेलांटी पडली. बॅकस्पेस, सगळं गेलं. पुन्हा द, पुन्हा पाय मोडला, पुन्हा य, पुन्हा वेलांटी. पुढच्या वेळी काना बसला, पण घाईत दोनदा बसला, एक खोडायला गेले आणि पुन्हा 'उ' तेवढा राहिला. मग तोही खोडून त्यांनी पिवळा अंगठा पाठवला. मामांच्या खिशात फोन वाजला. मामांनी तो काढला नाही.

मी ते शूटिंग तसंच साइटवर टाकलं. खाली वाद घातला नाही.

कीबोर्डवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शेवटपर्यंत पाहिलं, असं त्याने लिहिलं. मग तोवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला, त्यांना नेमकं काय खोडायचं होतं? मी लिहिलं, शेवटचं दाबलेलं, बस तेवढंच. तो म्हणाला, मग इमोजी सगळा जाऊ दे आणि या लिप्यांत फक्त शेवटची खूण जाऊ दे. नियमावलीवाला भडकला. एकाच बटणाला दोन नियम कसे चालतील? तो वाद अजून चालू आहे. कधीमधी मी जाऊन बघते. नियमावलीवाल्याचं सगळंच काही चूक नाही.

कीबोर्डवाल्याने एक अट घातली. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत हे पुन्हा बिघडत नाही ना, ते कोणीतरी तपासायला हवं. तिथे 'कोणीतरी' म्हणजे जो वाचतोय तोच. मी हो म्हटलं. आता नवी आवृत्ती यायच्या आधी मी 'उद्या' लिहून खोडते, मग 'स्त्री', मग 'लक्ष्मी'. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

बदल फोनवर आला त्या सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते. मामांचा फोन वाजला. काकांचा निरोप होता, मामांनी तो ॲपमधल्या बाईकडून वाचून घेतला. बाईच्या आवाजात आगरी पहिल्यांदाच ऐकली.

"उद्या येतो. बोंबील आनतो. तुजे सुनेला सांग, भाकरी जाड थापू नको."

मामांचा अंगठा कामाला लागला. एकदा अडखळला, मागे गेला, पुढे आला. "जाड वाटली तर घरनं बांधून आन. नायतर उपाशी ऱ्हा." फोन पूर्ण आवाजावर होता. कॉलवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"मामा, आवाज जरा कमी करा," मी म्हटलं. ऑपरेशननंतर हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

त्यांनी कमी केला नाही. मीच उठून दार लावून घेतलं.